परतीचं नाणं

आमच्या घरात अंडी खायची नसत.
अंडी म्हणजे चहा. अंडी म्हणजे साखर,
दिव्याचं तेल, मीठ, बाबांचा तंबाखू.
ओल्या फडक्यानं मी एकेक पुसायचो
आणि आई ती गवत घातलेल्या टोपलीत
झोपलेलं मूल ठेवावं तशी ठेवायची.

बाकीचं बहुतेक पैशावाचून चालायचं.
बार्टलीची होडी लागली की लोण्याच्या गोळ्याला बांगडे.
विणकर आमची लोकर न्यायचा,
तीन वार कापड आमचं, चौथा त्याचा.
बटाटे काढायला सावड.
कोण कुणाचं किती देणं लागतो
हे कुठे लिहिलेलं नव्हतं
आणि कुणी विसरलेलंही नव्हतं.
भांडणं व्हायची, नाही असं नाही.
एका कोंबड्यावरून माझे दोन काका
अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

पण जहाजाच्या तिकिटाला
लोणी चालत नाही.

म्हणून नोव्हेंबरात किलमोराच्या बाजारात
आमची तांबडी कालवड.
व्यापारी पाच म्हणाला.
बाबा ढगांकडे बघत राहिले.
तो निघून गेला. बाबांनी पाइप पेटवला.
मग दलाल, मालाकी फिनर्टी,
याची बाही, त्याचं मनगट धरून
दोघांना पुन्हा समोरासमोर ओढून आणायचा:
'अरे, फरक मोडा की! अर्धा त्याचा, अर्धा तुझा!'
असं तीनदा.
शेवटी तळहातावर थुंकून टाळी पडली,
सहा पौंड दहा शिलिंग.
व्यापाऱ्यानं चिखलात बोट बुडवून
तिच्या पाठीवर रेघ ओढली
आणि बाबांनी त्यातलाच एक शिलिंग
त्याच्या हातावर परत ठेवला.
रीतच तशी. विकणाऱ्यानं
थोडं तरी परत द्यायचं,
नाहीतर नेलेली वस्तू लाभत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही टॅनियनच्या दुकानात.
चहा, नालाचे खिळे, शवपेटीच्या कड्या
आणि अमेरिका,
सगळं एकाच फळीवरून विकायचा तो.
आधी अंडी मोजून घेतली,
मग थुंकीनं अंगठा ओला करून नोटा,
मग वळणदार अक्षरात:
डेलिया, वय अठरा,
क्वीन्सटाउन ते बॉस्टन.
वर टीपकागद दाबला.

आईनं तळहातावर थुंकून
हात पुढे केला.

दुकान गप्प झालं.
'बाई, हा कंपनीचा दर आहे.
यात घासाघीस नसते.'
'घासाघीस कुठे करतेय?
शुभाचं नाणं मागतेय.
लाभायला नको का तिला?'

त्यानं गल्ला उघडला. मिटला.
तराजूकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.
डेलिया पायांकडे बघत होती, कानापर्यंत लाल.
मग आम्हीच दिलेल्या टोपलीतलं
एक अंडं त्यानं उचललं,
तपकिरी, मोठं, मी पुसलेलं,
आणि आईच्या ओल्या हातावर ठेवलं.

पहाटे तिनं ते उकडलं,
मोज्यात गुंडाळून डेलियाच्या कोटाच्या खिशात घातलं.

पत्र फेब्रुवारीत आलं.
मास्तरांनी वाचून दाखवलं:
'स्टेशन येईपर्यंत हात गरम होते.
अंडं मी खाल्लं नाही.
बोटीवर केरीच्या एका मुलीला हवं होतं,
तिनं बदल्यात सुई दिली.
इथे त्याच सुईनं शिवते.'

आईनं पुन्हा एकदा वाचायला लावलं,
फक्त सुईपाशीचं.
'एक अंडं, एक सुई,' ती म्हणाली.
'बरा सौदा झाला.'

आणि सूप भरून
कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.
मी आत्ताच टाकून आलो होतो.
कोंबड्यांनी काही सांगितलं नाही,
मीही नाही.